टपावरचा अंगठा

खोक्यावर लिहिलं होतं, चौदा वर्षांवरील मुलांसाठी. मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि त्या खोक्यासाठी पुण्यातल्या एका दुकानात उभा राहून भांडत होतो.

मेहकरला माझं ट्रॅक्टर आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो की ती मला हमखास अशा दुकानात नेते जिथे किमती आधीच चिकटवून ठेवलेल्या असतात, मग तिचाही दिवस खराब होतो आणि माझाही. त्या दिवशी तिला मैत्रिणीच्या लेकराला खेळणं घ्यायचं होतं. मी फळ्या बघत हिंडत होतो. वरच्या फळीवर ते खोकं दिसलं. त्यावर अमेरिकेतल्या एका जुन्या गाडीचं चित्र होतं. दोनच दारं, खाटेएवढं लांब बोनेट, मागची बाजू उचललेली, पुढून चेहरा असा की आत्ता कोणाच्या तरी अंगावर जाईल.

ती गाडी माझ्या ओळखीची होती. सोळाव्या वर्षी मी मेहकरच्या एका गॅरेजात डिझेलमध्ये पार्ट धुवायचो. तिथल्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. महिने फाटून गेलेले, चित्र तेवढं उरलेलं. तीच गाडी. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात हे मुलीने मला त्या दिवशी सांगितलं. आम्ही तिला पहिलवान म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि पेंटर. तो त्याच गॅरेजात रंगाचं काम शिकत होता.

दुकानातला पोरगेला सेल्समन म्हणाला, “काका, ही तयार नसते. आत सव्वाशे तुकडे असतात. ते जोडून, रंगवून आपणच बनवायची. खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या हिश्शाएवढी होते.”

“कमी किती करता ते सांगा.”

“फिक्स आहे काका. आणि तुम्हाला... म्हणजे, जमेल ना?”

मुलगी हसली. “पप्पा, तुम्ही? तुम्ही फक्त विकता.”

तिने ते प्रेमाने म्हटलं हे मला कळत होतं. तरी डोकं गरम झालं. कारण हेच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत, मी आठ वर्षं मनात धरून बसलो होतो. मी खोकं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा छापील किमतीला वस्तू घेतली. मुलगी इतकी घाबरली की घरी जाऊन तिने आईला फोन केला.

ते आठ वर्षांपूर्वीचं आधी सांगतो.

मी एक जुनी जीप घेतली होती, रंगवून विकायला. काम पेंटरलाच दिलं, दुसऱ्याला कोण देणार? पार्ट धुता धुता मी विकण्याकडे वळलो, तो रंगाकडेच राहिला, पण माझी प्रत्येक गाडी त्याच्याच हातून जायची. जीप घेऊन तो दुकानासमोर आला तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. माझी एक रीत आहे. कोणतंही काम ताब्यात घेताना आधी खोट काढायची. खोट निघाली की पुढचं बोलणं आपल्या बाजूने होतं. मी दारावरून हात फिरवला आणि म्हणालो, “पेंटर, इथं लाट आहे.” पत्रा सपाट नसला की रंगात लाट दिसते, ती लाट.

त्याने जीपमधून घासायचा कागद काढला, वाकला आणि सगळ्यांसमोर त्या दाराचा चकाकणारा रंग खरखर घासून पत्रा उघडा केला. मग कागद माझ्या काउंटरवर ठेवला.

“आता खोट झाली, शेठ. आता काप किती कापायचे ते. तुले किंमत समजते, वस्तू नाही समजत.”

दहा माणसं उभी होती. काहीजण हसले. त्याने दुसऱ्या दिवशी दार पुन्हा रंगवून दिलं, ठरलेले पैसे घेतले, आणि नंतर माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. थिनर, कागद, सगळं बसस्टँडजवळच्या दुकानातून घ्यायला लागला. पुढे त्याने सासुरवाडीला, बीबी या गावी, रस्त्याला लागून शेड टाकली आणि तिकडेच गेला. आधी तो मला ‘बे’ म्हणायचा. शेठ हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं होतं. हजार लोक मला शेठ म्हणतात. त्याच्या तोंडून ते शिवीसारखं लागलं.

तर ते खोकं मी घरी आणलं ते या एका गोष्टीसाठी. गाडी बनवायची, दुकानात काचेच्या काउंटरवर ठेवायची, आणि ती त्याच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करायची.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी कामाला बसलो, आणि मग रोज दुपारी बसायला लागलो. सगळे तुकडे प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले होते, चिंचेच्या झाडाला चिंचा असाव्यात तसे. नेलकटरने ते सोडवायचे, टोकं घासायची, चिकटवायचे. सोबतचा कागद इंग्रजीत होता, पण मला त्याची गरज कशाला? इंजिन मला इंजिनसारखं दिसतं. आठ सिलिंडर, चार इकडे, चार तिकडे. रेडिएटर, पंखा, सायलेन्सरच्या दोन नळ्या. प्लगच्या वायरी खोक्यात नव्हत्या, त्या मी जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधल्या तारेच्या केल्या. त्या बसवल्यावर मीच किती तरी वेळ बघत राहिलो. माझ्या बोटांच्या नखाएवढी जागा आणि त्यात आठ वायरी, प्रत्येक आपापल्या प्लगवर.

काचा लावताना चूक झाली. दुकानातला झटपट चिकटणारा गोंद वापरला, त्याची वाफ बसून काचा दुधाळ झाल्या. मी स्वतःला सांगितलं, थंडीतली गाडी आहे.

अर्ध्या शटरखालून वाकून बघणाऱ्यांची कमी नव्हती. एक ट्रॅक्टर मेकॅनिक रोज यायचा.

“शेठ, ॲव्हरेज काय देते?”

“तुह्यापेक्षा जास्त. तू एका चहात दोन बोल्ट खोलतं.”

“अन् गियर? मागं जाते का?”

“तुले पाहून जाते.”

बायको मात्र चेष्टा करत नव्हती. ती डबा घेऊन यायची, गाडी बघायची आणि जायची. एकदा एवढंच म्हणाली, “बरं वाटून राह्यलं. आठ दिवसांत तुमी फोनवर कोनाले शिव्या नाही देल्या.”

राहिला होता रंग. काळा रंग ठरला होता, कॅलेंडरवर तसाच होता. आता, रंगाबद्दल मला सगळं माहीत आहे असं मी समजत होतो, कारण वीस वर्षं मी रंगाचं सामान विकतो. पत्र्यावर रंग मारायच्या आधी थिनरचा बोळा फिरवतात. हाताचं तेल निघून जातं, रंग धरतो. कोणत्याही पेंटरला विचारा, पहिलं काम तेच. मी गाडीची बॉडी डाव्या हातात धरली, नवा डबा फोडला, बोळा चांगला भिजवला आणि टपावरून फिरवला.

वास बदलला. टप चमकायला लागला. मला वाटलं, स्वच्छ झाला. बॉडी फिरवून धरायला मी उजव्या हाताचा अंगठा टपावर ठेवला, आणि तो बुडाला. लोण्यात बुडावा तसा. ओढला तर तारा निघाल्या. थिनर प्लास्टिक खातं हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं जे विकतो ते काय खातं आणि काय नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी डबा भिंतीवर फेकला. दुकानात वासाने उभं राहवेना, तरी मी उभा राहून ओरडत होतो. थिनर बनवणाऱ्याला, खोकं विकणाऱ्याला, पुण्याला. बायकोने येऊन शटर पूर्ण वर केलं, बॉडी उजेडात धरली आणि टपाकडे निरखून पाहिलं. माझ्या अंगठ्याची एक एक रेघ तिथे उमटली होती.

“अंगठा लय साफ उमटला हो. रजिस्ट्री ऑफिसात इतका साफ येत नाही.”

“हसू नको.”

“हसत नाही. बीबीले जा.”

“मरीन, पण बीबीले जाणार नाही.”

मेहकरमधल्या दोन पेंटरांना बॉडी दाखवली. एक म्हणाला फेकून द्या. दुसरा म्हणाला, नवीन घ्या शेठ, कितीची येते? मी त्याला कितीची ते सांगितलं नाही. नवीन खोकं मागवता आलं असतं, मुलगी म्हणालीही. पण मग ती गाडी दुरुस्त झाली नसती, फक्त पुन्हा विकत घेतली गेली असती, आणि पेंटरचं वाक्य खरं ठरलं असतं. पाच दिवस मी हे डोक्यात घोळवलं. सहाव्या दिवशी बॉडी बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवली, मोटारसायकलला बांधली आणि निघालो.

रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मी जातो तिथे सौदा जुळवूनच जातो.

पेंटरची शेड बीबीच्या बाहेर, एका चहाच्या टपरीला लागून होती. तो ट्रॅक्टरच्या बोनेटला रंग मारत होता. दाढी पांढरी झालेली, तोंडाला फडकं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात संपेपर्यंत थांबला नाही. रंगाचा हात मध्ये तोडत नाहीत, हे मलाही माहीत आहे. कंप्रेसर धडधडत होता. त्याने फडकं खाली ओढलं.

“या शेठ.”

“एका गिऱ्हाइकाचं काम आहे,” मी म्हणालो. “मोठं गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, आपल्या ओळखीत दाखवतो.”

मी खोकं उघडलं. त्याने बॉडी दोन बोटांत घेतली, आणि पहिल्या क्षणी त्याचा चेहरा बदलला.

“पहिलवान,” तो म्हणाला.

मग त्याने ती बाहेर उन्हात नेली, तिरपी धरली, टपावरचा अंगठा बघितला. बराच वेळ बघितला. परत आला आणि काही न विचारता माझा उजवा हात धरून उलटा केला. माझ्या अंगठ्यावर आडवी खूण आहे. गॅरेजात असताना पंख्याच्या पट्ट्यात सापडला होता, तेव्हा पेंटरनेच स्वतःच्या बनियनची चिंधी फाडून बांधला होता. ती खूण टपावर पण आडवी उमटली होती.

“गिऱ्हाइकाचा अंगठा बी पट्ट्यातच कापला होता का?”

माझा सगळा जुळवलेला सौदा तिथेच संपला. आणि मग माझं डोकं फिरलं, जसं फिरतं. मी म्हणालो, हो, माझी आहे, मी बनवली, आतलं इंजिन येऊन बघ, आठही वायरी लावल्यात, आणि तू दहा माणसांसमोर मला बोलला होतास, आठ वर्षं झाली, एक दिवस असा गेला नाही.

“अन् तू?” तो म्हणाला. “तू दहा माणसांसमोर माह्या कामात लाट काढली. मी त्या दारावर चार दिवस बसलो होतो. लाट होती का?”

मी बुटाच्या खोक्यातला कापूस सारखा करायला लागलो.

“होती का बे लाट? सांग ना.”

मी खाली बघून म्हणालो, “नव्हती.”

“ऐकू नाही आलं. कंप्रेसर चालू आहे.”

“नव्हती म्हनलं!”

“मोठ्यानं बोल ना.”

“लाट नव्हती!” मी छाती फुटेल असा ओरडलो, आणि नेमका त्याच वेळी हवेची टाकी भरून कंप्रेसर आपोआप बंद पडला. माझा आवाज टपरीपर्यंत, रस्त्यापलीकडच्या बसथांब्यापर्यंत गेला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. पेंटर इतका हसला की त्याला खोकला लागला. मग टपरीवाल्याला हात करून दोन चहा सांगितले.

चहा होईपर्यंत मी वाट बघत होतो की आता तो त्याचं वाक्य मागे घेईल. माझं मी घेतलं होतं, आता त्याची पाळी होती, हिशेब सरळ होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “हे मी नाही करनार.”

“काऊन?”

“काम माहं नाही. अंगठा तुहा, तूच काढ. मी सांगतो.”

मी भाव करून बघितला. टप तू कर, बाकी मी करतो. नाही. निदान घासून दे. नाही. दोन तास घासाघीस करूनही तो तसूभर हलला नाही. माझ्यासमोर एवढा वेळ टिकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्याने सांगितलं ते असं. आठ दिवस बॉडीला हात लावायचा नाही. प्लास्टिक मऊ झालंय, ते आतून कडक होऊ द्यायचं. मग बारीक कागद पाण्यात भिजवून एकाच दिशेने, न दाबता घासायचं. खड्डे लांबीने भरायचे, लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरतो तो लगदा, पण इथे कागदाइतका पातळ थर. आणि काहीही लावायच्या आधी, अगदी काहीही, खोक्यातल्या उरलेल्या काडीच्या तुकड्यावर लावून एक दिवस ठेवायचं. “आता सगळ्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे येतात,” तो म्हणाला. “एक बंपर म्या बी असाच गाळला होता. तवापासून आधी तुकड्यावर.” एवढं सांगताना त्याने दुसरीकडे बघितलं.

आठ दिवस एका वस्तूला हात न लावता राहणं मला कधी जमलेलं नाही. बायकोने बॉडी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली. मग मी घासायला लागलो. दर सुट्टीच्या दिवशी बीबी. पेंटर बॉडी उजेडात धरायचा, बोट फिरवायचा आणि परत द्यायचा. “अजून आहे.” पुढच्या आठवड्यात, “अजून आहे.” एकदा मी भडकलो, आता काहीच नाहीये, तू मुद्दाम खोट काढून राह्यला. तो शांतपणे म्हणाला, “मी तुह्यासारखा नाही,” आणि पेन्सिलीने टपावर एक बारीक गोल काढून दिला. घरी येऊन चष्मा लावून बघितलं. होती. त्या गोलाच्या आत, केसाएवढी, माझ्या खुणेची शेवटची रेघ होती. तशी रेघ मला स्वतःहून दिसायला लागायला अजून दोन आठवडे गेले. मग मला सगळीकडेच दिसायला लागलं. दुकानात आलेल्या गाड्यांच्या दारांवर, घरच्या फ्रिजवर.

रंगाच्या दिवशी काचांवर कागद चिकटवून झाल्यावर त्याने स्वतःची रंग फवारायची छोटी गन दिली आणि मागे हात बांधून उभा राहिला. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर थांबायचं. दोन चांगले गेले. तिसऱ्याला मी घाई केली आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यात रंग ओघळला, डोळ्यातून पाणी यावं तसा एक थेंब. माझा हात गन फेकायला वर गेला. गन त्याची होती, म्हणून खाली आला.

“राहू दे,” तो म्हणाला. “पुसशील तर सगळं जाईन. वाळला की घासू, नाही तर राहू दे.”

राहू दिला. चाकं-इंजिनाचा सांगाडा त्याला दाखवायला नेलाच होता, तोही धरून सगळी गाडी त्याच्याच शेडमध्ये ठेवून मी आलो. वाळायला आठ दिवस लागतील, दुकानात धूळ असते, असं त्याचं म्हणणं. आठाचे पंधरा झाले. त्याचा फोन नाही. मी करणार नव्हतो. मला खात्री होती की त्याने ती कोणाला तरी विकली.

सोळाव्या की सतराव्या दिवशी हिवरा आश्रमकडचा एक शेतकरी दुकानात आला. उंच, लाल टोपी, ओळखीचा नव्हता. बेअरिंगचा भाव विचारला, मी सांगितला, त्याने कमी करायला लावला नाही. तेव्हाच मला संशय आला.

“शेठ, तुमी गाड्या रंगवता म्हणे?”

“कोन म्हनलं?”

“जालन्याहून येत होतो, बीबीले चहाले थांबलो. तिथं पेंटरच्या शेडमध्ये, पुढंच, काचेच्या पेटीत एक काळी गाडी ठेवेल आहे, वीतभर. सगळे पाहून राह्यले. म्या विचारलं, कोनी रंगवली? तो म्हनला, मेहकरात एक नवा पेंटर आहे, स्पेअर पार्टचं दुकान टाकून बसला आहे.”

“अजून काय म्हनला?”

“म्हनला, अजून कच्चा आहे, कोपऱ्यात रंग ओघळवते. पन हात आहे.” तो जरा पुढे वाकला. “माही ट्रॉली आहे. लाल करायची. तुमी घेता का?”

मी त्या माणसाला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीतरी रागाचं असेल. तो गेल्यावर मी पेंटरला फोन लावला, आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि नंबर अजून तोच होता. मी म्हणालो, माझी गाडी परत दे, काचेची पेटी कोणी सांगितली होती, ओघळ सगळ्यांना दाखवायची काय गरज होती, आणि नवा पेंटर कोणाला म्हणतो बे.

तो ऐकत होता. मागे कंप्रेसर चालू होता.

“ट्रॉलीवाला आला होता का?” त्याने विचारलं.

“आला होता.”

“हाव ना. ट्रॉलीले दोन मानसं लागतात. सुट्टीच्या दिवशी ये. जुना शर्ट घालून ये.”

‘वस्तू नाही समजत’ हे वाक्य त्याने अजून मागे घेतलेलं नाही. मी विसरलेलो नाही, आणि ट्रॉली झाली की मी ते काढणार आहे. तोपर्यंत बायकोने एक फाटका शर्ट काढून धुऊन ठेवला आहे, आणि मी त्या शेतकऱ्याला निरोप पाठवला आहे की लाल रंग आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावून दाखवू, मग ट्रॉली.